चन्नोच्या दारची सतरंजी

कोट सुहेल, १ मे

वीर मेहमा सिंग यास बसंत कौरची सत श्री अकाल.

बेबेचे गुडघे कसे आहेत? आई स्वतः काही सांगायची नाही. उन्हाळ्यात तरी आखडत नाहीत ना? नसीबो भावजयीची साखर किती आली? तिला सांग, लपूनछपून गूळ खाल्ला तर देवाला दिसतो आणि डॉक्टरलाही दिसतो. बूरी म्हैस व्याली का? रेडी झाली की रेडा? निर्वैर रायपूरला मामाच्या ट्रान्सपोर्टवर गेला म्हणालास, तिथलं पाणी त्याला मानवलं का? पोराने आत्याला एक फोन केला नाही. लहानपणी माझ्या हातच्या तूप-साखरेच्या चुरीशिवाय झोपायचा नाही मेला. तुझं ब्लडप्रेशर मात्र मी विचारत नाही. ते हे पत्र वाचून वाढणारच आहे.

फोनवर का बोलत नाही, असं म्हणशील. फोनवर तू "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणून ठेवून देतोस. कागदाला ते करता येत नाही. चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षरं गिरवून शिकलेली बाई आहे मी, शुद्धलेखन बघू नकोस. काय म्हणते ते बघ.

चन्नोचा गग्गू गेला. तुमच्या डेअरीच्या गाडीवाल्याने सांगितलं. कालव्याच्या पुलावर पडला होता, सुई हातातच. ते ऐकून रडू आलं. पण त्याने पुढचं सांगितलं आणि माझं रडू जागच्या जागी वाळलं. म्हणाला, "चाचीजी, मयतीला माणूस नव्हतं. सरपंचांचा ठराव आहे ना."

मेहम्या, हा कसला ठराव? गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून तू स्वतः ओरडून सांगितलंस म्हणे, की ज्या घरात चिट्ट्याची, त्या पांढऱ्या नशेची, पुडी शिरली त्या घराशी गावाचा संबंध संपला. लग्नाला जायचं नाही, मयतीला जायचं नाही, जामीन राहायचं नाही, तसलं पोर रस्त्यात पडलेलं दिसलं तरी आपल्या गाडीत घालायचं नाही. जो जाईल त्याला दंड. आणि चन्नोने आपल्या मुलाला रेहड्यावर, हातगाडीवर घालून, दोन पोरींच्या हाती दांडे देऊन स्मशानात नेलं. ग्रंथी बाबा तेवढा आला, पाठ केला, मान खाली घालून गेला. आता तिने दारात दुखवट्याची सतरंजी अंथरली आहे आणि त्या सतरंजीवर एक माणूस येऊन बसत नाही. कोंबड्या फिरतात म्हणे तिच्यावरून.

अरे, आपल्या मुलखात दुश्मनाच्या दारीसुद्धा माणूस त्या सतरंजीवर दोन घटका बसून येतं. बापाने ज्याच्याशी पाण्यावरून कोर्टकचेऱ्या केल्या, त्याच्या सतरंजीवर बापच पहिला जाऊन बसला होता. तू तेव्हा शेजारीच होतास.

आणि एक सांग. गेल्या माघात नंबरदाराचा नातू गेला तेव्हा काय झालं होतं त्याला? "हार्ट फेल." वीस वर्षांच्या पोराचं हार्ट फेल! तेव्हा सगळं गाव लोटलं, तू पुढे होतास, दुखवट्याच्या शेवटच्या पाठाला लाडू-जिलेबीचा भोग झाला. जाट जमीनदाराच्या पोराचं हार्ट फेल होतं आणि मजुरांच्या वस्तीतलं पोर तेवढं नशेने मरतं, होय? आजार म्हशीला आणि डाग पखालीला.

बेबेच्या गुडघ्यांना कोण तेल लावतं आता? चन्नोच लावायची ना? तेव्हा तिचे हात विटाळलेले नव्हते.

भोग होईपर्यंत सतरंजी उचलायची नसते. अजून दिवस आहेत. स्वतः जाऊन तिच्यावर बस. नाहीतर मी येते.

तुझी मोठी बहीण,
बसंत कौर


ढोलणवाला, ३ मे

भैणजी, चरणस्पर्श.

बेबे बरी आहे. नसीबोची साखर जास्तच आहे. बूरीला रेडी झाली. निर्वैर रायपूरला मजेत आहे, काम फार असतं म्हणून फोन करत नाही. तिथलं पाणी मानवलं.

आता तुझ्या रागाचं. तू तिकडे दहा कोसांवर बसून राग करतेस, ते सोपं आहे. इथे येऊन सरपंचकी कर. गव्हाच्या कापणीच्या ऐन तोंडावर तीन ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं गेलं. शाळेचे नळ गेले. नळ, भैणजी! मुलं घरून बाटलीत पाणी घेऊन जातात. गुरुद्वाऱ्याची गोलक, दानाची पेटी, फुटली. कुणी फोडली, साऱ्या गावाला माहीत. आई मुलाला पाठीशी घालते, म्हणते, "माझा भोळा आहे, संगतीने बिघडला." सगळ्यांचीच भोळी आणि सगळीच संगतीने बिघडली, मग संगत आभाळातून पडली काय?

मी ठाण्यात गेलो. ठाणेदाराने चहा पाजला, यादी मागितली. यादीतली चार पोरं उचलली, दोन दिवसांनी सोडली. विकणाऱ्याला कुणी हात लावला नाही. मग मी काय करायचं? भजन? लोक दारात येऊन म्हणाले, "सरपंचजी, काहीतरी करा." केलं. शेताला कुंपण घालताना दोन रोपटी चेंगरतात. मला गाव वाचवायचं आहे.

गग्गूचं वाईट वाटतं. मी दगड नाही. पण आज एका सतरंजीवर बसलो की उद्या ठराव कागदाचा बोळा. धाक गेला की सगळं गेलं. तू हळवी आहेस, कायमची होतीस. मांजराला दूध पाजून पाजून आपल्याच पिंजऱ्यातले बटेर खायला घातलेस, आठवतं?

ऐकतो की तूही तिकडे काही चालवलं आहेस. सकाळी नशेडी पोरं ट्रॉलीत भरून सरकारी दवाखान्यात नेतेस आणि जिभेखाली गोळ्या ठेवून आणतेस. एका नशेच्या जागी दुसरी! लोक हसतात. म्हणतात, सरपंचाची बहीण अमल्यांची ड्रायव्हर झाली.

येऊ नकोस, भैणजी. माहेरी आलीस तर डोक्यावर घेईन, पण चन्नोच्या दारी गेलीस तर भावाची पगडी धुळीत जाईल. हात जोडतो.

तुझा लहान भाऊ,
मेहमा


कोट सुहेल, ९ मे

वीर मेहमा,

तू परवा भोगाच्या दिवशी वरच्या माडीवर जाऊन बसलास आणि खाली उतरलाच नाहीस. म्हणून जे तोंडावर सांगायचं ते पुन्हा कागदावर लिहिते.

तुझा ठराव मी मोडला नाही. वाचून बघ तो. "गावातल्या कुठल्याही घराने" असं लिहिलं आहेस. लग्न होऊन गेलेली लेक गावातल्या कुठल्या घराची असते रे? तुम्हीच तर डोलीत घालून सांगता, आता तुझं घर ते. बरं, मग ते. मी फोन फिरवले. ढोलणवाल्याच्या लेकी सतरा गावांत पसरल्या आहेत, तुला माहीत आहे का? भागो आली, तिची सासू भांडत असताना आली. लोहाराची प्रीतो नातवाला काखेत मारून आली. शिंप्याची अमरो, जिला तुम्ही लोक आजवर कुणाच्या लग्नाला बोलावलं नाही, ती सगळ्यांत आधी येऊन झाडू मारत होती. ट्रॉली भरली आणि आम्ही पांढऱ्या ओढण्या घेऊन चन्नोच्या सतरंजीवर बसलो. तुझ्या पंचांपैकी एक आला आणि म्हणाला, "बीबी, दंड पडेल." भागो म्हणाली, "पाड की! आधी माझ्या सासऱ्याच्या गावात येऊन वसूल करून दाखव." बाया दुखवट्यात हसल्या, वाहेगुरू माफ करो. चन्नोसुद्धा.

आणि मग बेबे आली. तू वरून पाहिलंसच. काठी टेकत, दोनदा थांबत. पंच म्हणाला, "बेबेजी, तुम्ही तरी गावच्या." ती म्हणाली, "मी? मी चक मेहराजची लेक. साठ वर्षं झाली, इथे पाहुणी आहे." तिच्यामागून तुमच्या गावातल्या सुना एक एक करून निघाल्या. प्रत्येक सून कुठल्या तरी गावची लेक. तेवढा विचार तुम्ही पुरुषांनी ठराव लिहिताना केला नव्हता.

माझ्या ट्रॉलीवर हसतात त्यांना हसू दे. हो, एकाने गोळी जिभेखालून काढून विकली होती. मी दवाखान्यासमोरच त्याच्या कानशिलात वाजवली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी बसवला. आता तो ट्रॅक्टर चालवतो. सगळेच सुधारले असं म्हणत नाही. एक पुन्हा सुईकडे गेला. पण साखरेच्या दुखण्याला नसीबो रोज गोळी खाते, तिला तू अमली म्हणतोस का? घराबाहेर काढतोस का? दुखणाइताला गावाबाहेर काढलं की दुखणं जात नाही, वीरा, ते फक्त पुलाखाली जाऊन बसतं. धाक घातलास त्याने पोरं नशा सोडत नाहीत, फक्त दिसायची बंद होतात. आणि ज्याच्या दारात पांढरी गाडी उभी असते, जो विकतो, त्याला जामीन तुझ्याच पंचायतीतला माणूस राहिला. हे मी नाही, गाव म्हणतं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

एक बारीकसं. निघताना मागच्या अंगणात पाणी प्यायला गेले, तर नसीबो भुशाच्या कोठीकडे ताट घेऊन चालली होती. विचारलं, काय गं? म्हणाली, कुत्री व्याली आहे, पिल्लं आहेत. ताटात तूप लावलेल्या रोट्या आणि वाटीत खीर. वर बाहेरून कडी. आणि यंदाचा नवा भुसा उघड्यावर, ताडपत्रीखाली! पाऊस आला तर? कसला शेतकरी रे तू? तुझ्या घरी कुत्रीला कोठी मिळते, खीर मिळते, आणि चन्नोच्या पोराला चार खांदे मिळत नाहीत.

राग गेला नाही. पत्र लिही.

बसंत


ढोलणवाला, २० मे

भैणजी,

खुशाली लिहीत नाही. या घरात ती नाही.

कोठीत कुत्री नव्हती.

निर्वैर रायपूरला कधी गेलाच नाही. चैत्रापासून आत आहे. आधी बाहेरच्या एका नशामुक्ती केंद्रात ठेवला होता, पाटी नसलेलं, पैसे घेऊन पोरं कोंडणारं. तिथून परत आला तेव्हा पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. मग मीच कोठी रिकामी केली. पायात म्हशीची साखळी. नसीबो कडीच्या आडून रोट्या द्यायची. रात्री ओरडायचा, म्हणून मी कोठीशेजारी कडबा कापायचा चाफकटर चालू ठेवायचो. गाव म्हणायचं, सरपंचाच्या म्हशी फार खातात.

ठराव मी त्याच्यासाठीच केला, भैणजी. वाटलं, गाव कडक झालं की विकणारा इथे फिरकणार नाही, आणि माझा मुलगा आतल्या आत, कुणाला न कळता, बरा होईल. तू म्हणशील, आपलं ठेवायचं झाकून. म्हण.

तुझं पत्र नसीबोने वाचलं. खिरीचं वाचलं आणि ओढणी तोंडात धरून बसली. त्या दिवशी तिने साखळी काढली. मला न विचारता. म्हणाली, माणूस आहे. तो नीट जेवला, आंघोळ केली, बेबेच्या पायांशी बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी निघून गेला.

ट्यूबवेलच्या खोलीमागे पडला होता. ओठ निळे. तोंडाला फेस. गावातला बूटा सिंग ट्रॅक्टर घेऊन तिथून गेला. त्याने पाहिलं, ओळखलं, आणि ट्रॅक्टर वळवून दुसऱ्या वाटेने गेला. हे त्याने मला स्वतः सांगितलं, रात्री, रडत. "सरपंचजी, दंडाला भ्यालो. ठराव तुमचाच होता." त्याने माझी आज्ञा पाळली.

नसीबो शोधत शोधत पोहोचली. तिने छाती चोळली, तोंडात फुंकर घातली, मी गाडी आणली. श्वास चालू आहे. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर. पुढचं मी ऐकलं नाही.

आता तो घरी आहे. साखळी नाही. पण मला झोप नाही. तुझ्या दवाखान्यात त्याला ने. एक विनंती. शनिवारी, दिवस मावळल्यावर, मागच्या शेतवाटेने ये. तुझ्या घरी ठेव, तिथून ने. इथे सांगू की रायपूरहून आत्याकडे गेला. घराची झाकली मूठ राहू दे. मी सरपंच आहे, भैणजी.

मेहमा


कोट सुहेल, २१ मे

मेहमा,

पत्र वाचलं आणि अंगणात बसून पोट भरून रडले. मग उठून तोंड धुतलं. आता ऐक.

माझ्या लेकराच्या पायात म्हशीची साखळी! आणि मी तुला भुशाचं शिकवत बसले. माझे हे डोळे फुटके. ताट दिसलं, कडी दिसली, आणि मी कुत्री मानली. तुझ्यावर राग आहेच, पण आज माझ्यावरही आहे.

पण नाही. दिवस मावळल्यावर मी येणार नाही. मागच्या वाटेने येणार नाही. दिवस मावळल्यावर येतो तो पुडीवाला. मी सोमवारी सकाळी, उन्हात, तुझ्या मोठ्या फाटकाशी ट्रॉली लावीन. निर्वैर सगळ्यांसमोर चढेल, माझ्या शेजारी बसेल. त्याला लाज वाटेल. वाटू दे, तीही दुखण्यासारखी उतरते. पण लपवलेलं उतरत नाही. नंबरदाराच्या नातवाचं "हार्ट फेल" लपवलं नसतं, तर गग्गूच्या आईला कळलं असतं की हे दुखणं मोठ्या घरातही येतं आणि त्याला दवाखाना असतो. तुम्ही मोठ्यांनी झाकलं, म्हणून धाकट्यांनी उघड्यावर मरायचं?

दुसरं. रविवारी संध्याकाळी पाठ संपल्यावर तू स्वतः भोंग्यापुढे उभा राहायचं. पंचाला पाठवायचं नाही. आणि सांगायचं, की ठराव मागे घेतला. का घेतला तेही सांगायचं, निर्वैरचं नाव घेऊन. आणि नवा ठराव सांगायचा: जो विकतो त्याच्या घराशी संबंध तोडायचा, जो त्याला जामीन राहतो त्याच्याशीही, मग तो पंच असो की पंचाचा मेहुणा. जो पडलेला दिसेल त्याला उचलायचा, आधी उचलायचा, मग नाव विचारायचं.

नाही जमलं तर मी तरीही येईन आणि निर्वैरला नेईन. तो माझा आहे. पण मग माझ्या दारी तू येऊ नकोस. राखी मी डेअरीच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवीन.

पगडी धुळीत जाईल म्हणालास. जाऊ दे. धूळ झटकता येते. गग्गूला झटकून उठवता आलं नाही.

नसीबोला मिठी. तिला सांग, साखळी काढलीस ते बरोबर केलंस. निघून गेला तो साखळी काढली म्हणून नाही. त्यानंतर कुठे न्यायचं हे तिला कुणी सांगितलं नाही म्हणून. घरचा पुरुष सांगू शकला असता.

बसंत


ढोलणवाला, २८ मे

भैणजी,

बेबेचे गुडघे बरे आहेत. कसे ते पुढे लिहितो. नसीबोची साखर उतरली. बूरी दूध देते. निर्वैरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तो तुझ्याकडे आहे. रात्री अंग दुखून ओरडतो का? त्याला सांग, बाप रोज विचारतो.

रविवारचं तू ऐकलं नाहीस. भोंग्यापुढे उभा राहिलो आणि आधी नुसता श्वासच गेला सगळ्या गावाला. ग्रंथी बाबाने पाठीवर हात ठेवला. मग बोललो. तू सांगितलंस ते सगळं बोललो. निर्वैरचं नावही घेतलं. खाली उतरलो तर नंबरदार म्हणाला, "डोकं फिरलं का तुझं? घरची गोष्ट चव्हाट्यावर!" मी म्हटलं, "तुमचीही होती. तुम्ही स्मशानात नेऊन झाकली." तो आता माझ्याशी बोलत नाही. पंचांमधला एक उठून गेला. पुढच्या निवडणुकीत माझं काही खरं नाही.

सोमवारी तू ट्रॉली घेऊन आलीस ते तू पाहिलंसच. निर्वैर चढला, आणि मागून दोन आया आपली पोरं हाताला धरून आल्या. त्यातला एक बूटा सिंगचा. आपलंही उघडं पडेल म्हणून त्या दिवशी त्याने ट्रॅक्टर वळवला होता, भैणजी. आमच्यासारखाच तोही घरात कडी लावून बसला होता. फाटकांच्या फटींतून आणखी डोळे बघत होते, तेही मी पाहिले.

पण तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही. तेच लिहायला बसलो आहे.

दुपारी चन्नो आली. भोगानंतर पहिल्यांदा. हातात तेलाची बाटली. मी अंगणात खाटेवर होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ बेबेच्या खोलीत गेली, खाली बसली आणि गुडघे चोळायला लागली. बेबे म्हणाली, "राहू दे गं." चन्नो म्हणाली, "तुम्ही माझ्या सतरंजीवर बसलात. मी तुमच्यासाठी आले." बराच वेळ चोळत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती. हात तेवढे जोडले.

जाताना ती माझ्यासमोर थांबली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "सरपंचजी, काल फार चांगलं बोललात. माझ्या वस्तीपर्यंत शब्दन् शब्द ऐकू आला. माझा गग्गू गेला तेव्हा, बैसाखातही, हा भोंगा चालूच होता ना?"

आणि बाटलीला झाकण लावून गेली. आज पुन्हा आली होती, बेबेकडे. उद्याही येईल. मी रोज दाराशी उभा असतो.

भैणजी, तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला म्हण असते. याला आहे का? असेल तर लवकर लिही. दुसरं काही लिहू नकोस, चन्नोला काय सांगू एवढंच लिही. डेअरीचा गाडीवाला परवा सकाळी तुझ्याकडून निघतो. मी पुलावर वाट बघतो.

मेहमा